जुनी मोटर घेताना दहा मिनिटं मेगर धरा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुनी मोठी मोटर बघायला गेलं की गाळ्यात बहुतेक एकच प्रयोग दाखवतात. केबल जोडायची, स्टार्टर दाबायचा, मोटरने वेग घेतला की बॉडीवर हात ठेवून म्हणायचं, "बघा, आवाज नाही, थरथर नाही." तेवढ्यावर सौदा ठरतो. या प्रयोगातून कळतं ते इतकंच, की मोटर फिरते.

बिनभाराच्या मोटरीत रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, जवळजवळ काहीच काम नसतं. ४ पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरीचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे घेतं. पूर्ण भाराला रोटर १४८५ च्या आसपास फिरतो, म्हणजे १ टक्का मागे पडतो, आणि या मागे पडण्यामुळेच त्याच्या सळ्यांतून विद्युतप्रवाह वाहतो. बिनभारात तो १४९९ च्या घरात असतो. सळ्यांत प्रवाहच नाही, तर तुटलेली सळी कशी उघडी पडणार? वाइंडिंग (तारांची वेटोळी) तापत नाही, बेअरिंगवर पट्ट्याचा ताण येत नाही. दोष सगळे जागच्या जागी राहतात आणि मोटर तुमच्या पंपाला जोडल्यावर बाहेर येतात.

म्हणून आधी नेमप्लेट वाचा. किलोवॅट, व्होल्टेज, वेग, इन्सुलेशनचा (विद्युतरोधक वेष्टणाचा) वर्ग, ड्यूटी (सलग किती वेळ चालवता येते ते) आणि फ्रेम. फ्रेम ३१५ म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ३१५ मिलिमीटर. तुमच्या फाउंडेशनला ती बसेल की नाही ते इथेच ठरतं. फ्रिक्वेन्सीकडे मात्र दोनदा बघा. जहाजफोडीतून आलेल्या मोटरी बहुधा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या असतात. ४४० भागिले ६० म्हणजे ७.३३. आपल्याकडच्या ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झला हेच गुणोत्तर ८.३ होतं. लोखंडातला चुंबकीय प्रवाह १३ टक्क्यांनी वाढतो, लोखंड संपृक्त व्हायला लागतं (त्यात आणखी चुंबकीय प्रवाह मावेनासा होतो) आणि बिनभाराचा करंट १३ टक्क्यांवर न थांबता त्याच्या कितीतरी पट चढतो. अशा मोटरीला ५० हर्ट्झवर साधारण ३६७ व्होल्टच द्यायला हवेत. वेग आणि ताकदही सहाव्या हिश्शाने कमी धरावी लागते.

आता मेगरकडे, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाकडे. मेगर सगळ्यांकडे असतो, पण तो एक मिनिट लावून "दीडशे मेगओहम, ओके" म्हणून वहीत नोंद करतात. खरी माहिती पुढच्या नऊ मिनिटांत आहे.

मोठ्या मोटरीत तांब्याच्या वेटोळ्यांभोवती अभ्रक, काचेचा धागा आणि इपॉक्सी यांचं वेष्टण असतं आणि त्याबाहेर लोखंडी स्टेटर, म्हणजे मोटरीचा स्थिर भाग. दोन धातू आणि मध्ये विद्युतरोधक, म्हणजे हा एक मोठा कपॅसिटरच झाला. मेगर त्यावर डीसी व्होल्टेज देतो आणि किती करंट जातो ते मोजून ओहम दाखवतो. पण तो करंट एकजिनसी नसतो. पहिला भाग कपॅसिटर भरण्याचा, तो काही सेकंदांत संपतो. दुसरा शोषणाचा: इपॉक्सीतले ध्रुवीय रेणू विद्युतक्षेत्राच्या दिशेने वळायला लागतात, राळ आणि अभ्रक यांच्या सीमेवर विद्युतभार सरकत जाऊन साठतो. घट्ट पदार्थात हे सावकाश होतं, म्हणून हा करंट कित्येक मिनिटं हळूहळू उतरत राहतो. तिसरा गळतीचा: ओलावा, कार्बनची धूळ, तेलकट मळ, वेष्टणाला पडलेल्या भेगा यांतून सरळ जमिनीकडे जाणारा. तो वेळेनुसार बदलत नाही.

ठाण्याला लोकल थांबल्यावर काय होतं ते आठवा. पहिल्या झटक्यात गर्दी दारातून आत घुसते. मग "जरा आत सरका" करत माणसं डब्यात जागा करत राहतात, आणि बाहेरची एकेक जण आत येत जाते. डबा पक्का असेल तर ही भर हळूहळू थांबते. पण पलीकडचं दार उघडं असेल आणि तिथून माणसं उतरत असतील, तर इकडून येणं थांबतच नाही. मेगरला हे उघडं दार शोधायचं असतं.

समजा ६.६ केव्हीच्या (६६०० व्होल्टच्या) दोन मोटरी समोर आहेत आणि मेगर २५०० व्होल्टचा आहे. पहिलीत १ मिनिटाला १२० मेगओहम, १० मिनिटांनी ४२०. दुसरीत १ मिनिटाला १५० आणि १० मिनिटांनी १६५. एकच मिनिट बघणारा माणूस दुसरी उचलेल. पण पहिलीत करंट सुमारे २१ मायक्रोअँपिअरवरून ६ वर उतरला. म्हणजे बहुतेक करंट शोषणाचा होता, गळती थोडी. दुसरीत तो १६.७ वरून १५.२ वर आला. म्हणजे जवळजवळ सगळी गळतीच. १० मिनिटांचा आकडा भागिले १ मिनिटाचा आकडा, याला पोलरायझेशन इंडेक्स किंवा नुसतं पीआय म्हणतात. पहिलीचा ३.५, दुसरीचा १.१. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या मानकानुसार बी, एफ, एच या उष्णता सोसण्याच्या वर्गांतल्या इन्सुलेशनला तो किमान २ हवा. नव्या बांधणीच्या उच्चदाब वाइंडिंगला ४० अंश सेल्सिअसवर किमान १०० मेगओहमही हवेत, आणि ४१५ व्होल्टच्या मोटरीला किमान ५.

पीआयची मोठी सोय तापमानाशी आहे. नुसता मेगओहमचा आकडा तापमानाने फार हलतो. जुन्या इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना रोध निम्मा होतो. दहा मिनिटांत मोटरीचं तापमान बदलत नाही, त्यामुळे गुणोत्तरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पण काही अपवाद लक्षात ठेवा. १ मिनिटाचाच आकडा ५००० मेगओहमच्या वर असेल तर करंट इतका बारीक असतो, की पीआयला अर्थ उरत नाही. लहान, सैल तारांनी भरलेल्या वाइंडिंगमध्ये शोषण दोन-तीन मिनिटांतच आटपतं, तिथे ६० सेकंदांचा आकडा भागिले ३० सेकंदांचा आकडा हे गुणोत्तर बघतात. लाख-अभ्रकाच्या फार जुन्या वाइंडिंगचा पीआय ८ च्या वर आला तर आनंद मानू नका. वेष्टण भाजून ठिसूळ झालेलं असू शकतं. आणि एकाच फेजमधल्या दोन वेटोळ्यांमधला शॉर्ट मेगरला दिसतच नाही, त्यासाठी सर्ज टेस्ट (व्होल्टेजचे क्षणिक झटके देऊन केलेली चाचणी) लागते.

मेगर काढल्यावर लगेच टर्मिनलला हात लावू नका. वळलेले रेणू परत फिरताना साठलेला भार सावकाश बाहेर देतात. क्षणभर जमिनीशी जोडून (अर्थ करून) सोडलं तर टर्मिनलवर व्होल्टेज पुन्हा चढतं. नियम असा, की जितका वेळ मेगर लावला त्याच्या चौपट वेळ वाइंडिंग अर्थ करून ठेवायचं. दहा मिनिटांच्या चाचणीला चाळीस मिनिटं.

हेच भौतिकशास्त्र वापरलं तर पट्ट्यातलं एक जुनं कोडं सुटतं. गणपतीच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला आणि पहिल्याच दिवशी मोटर जळली, की कुणीतरी म्हणतं दृष्ट लागली, आणि टर्मिनल बॉक्सला लिंबू-मिरची टांगली जाते. झालेलं असं असतं: चालू मोटर गरम असते, बंद केल्यावर थंड होताना आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. खाडीकाठची भाद्रपदातली हवा दमट आणि खारट असते. वाइंडिंग दवबिंदूखाली गेलं की त्यावर पाणी धरतं, आणि तशाच अवस्थेत स्टार्टर दाबला जातो. लिंबाचा रसही आम्लधर्मी आणि विद्युतवाहक असतो, त्यामुळे तो टर्मिनलजवळ नकोच. दसऱ्याच्या पूजेला फूल बॉडीवर ठेवा, पण पाणी शिंपडू नका. मोठ्या मोटरीत बहुधा स्पेस हीटर (बंद मोटर आतून कोमट ठेवणारा छोटा हीटर) असतो, त्याच्या २३० व्होल्टच्या दोन तारा वेगळ्या निघतात. जुनी मोटर घेताना तो हीटर चालतो का हे तपासा आणि मोटर बंद असताना तो चालू ठेवा.

पीआय कमी आला म्हणजे मोटर भंगारात गेली असं नाही. नुसता ओलावा असेल तर ती सुकवता येते. टर्मिनल बॉक्स आणि झाकणं उघडी ठेवून गरम हवा द्या, तासाला ५ ते १० अंशांपेक्षा जास्त नाही, आणि वाइंडिंग ८० अंशांच्या आसपास थांबवा. घाईने तापवलं तर आतल्या पाण्याची वाफ वेष्टण फोडते. सुरुवातीला मेगरचा आकडा खाली जाईल. घाबरू नका, वाइंडिंग तापल्याने आणि ओलावा पसरल्याने तसं होतं. मग तो चढायला लागतो आणि एका पातळीवर टिकतो. तिथे सुकवणं संपलं. धुऊन, सुकवूनही आकडा चढत नसेल तर मात्र रिवाइंडिंगचा (वाइंडिंग नव्याने भरण्याचा) खर्च किमतीतून वजा करून बोला.

रिवाइंड केलेली मोटर कार्यक्षमता गमावतेच, हा समज अर्धवट आहे. काळजीपूर्वक केलेल्या रिवाइंडिंगमध्ये फरक नगण्य राहतो. बिघडवतो तो गॅसकटर. जुनं वाइंडिंग काढताना स्टेटर उघड्यावर जाळला तर पत्र्यांमधला पातळ रोधक थर जातो, पत्रे एकमेकांना चिकटून लोखंडातले भोवरा प्रवाह वाढतात, आणि नवं तांबं घातलं तरी ती जागा तापत राहते. नियंत्रित भट्टीत तापमान साधारण ३७० अंशांच्या आत ठेवतात. स्टेटरचे निळसर पडलेले किंवा फाकलेले दात दिसले तर लूप टेस्टचा (नुसत्या लोखंडात चुंबकीय प्रवाह खेळवून ते कुठे तापतं ते बघण्याचा) आग्रह धरा. एखादी जागा सरासरीपेक्षा १० अंशांहून जास्त तापली तर तो स्टेटर सोडा.

रोटरसाठी एक स्वस्त चाचणी आहे. व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दोनच टर्मिनलना १० ते २५ टक्के व्होल्टेज द्या आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवत अँपिअर बघा. काटा ३ टक्क्यांहून जास्त हलला तर सळी तुटल्याचा संशय घ्या. एअर गॅप, म्हणजे रोटर आणि स्टेटरमधली फट, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही टोकांना चार ठिकाणी मोजा, सरासरीपासून १० टक्क्यांच्या आत हवा. रासायनिक कारखान्यासाठी फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर न जाऊ देणारी) मोटर घेत असाल तर जोडपृष्ठांवर ओरखडा, गंज किंवा रंग चालत नाही.

आणि लाईट बिल. ११० किलोवॅट, ४ पोल: आयई१ या जुन्या कार्यक्षमता वर्गाची कार्यक्षमता ९३.३ टक्के, आयई३ या वरच्या वर्गाची ९५.४. पूर्ण भाराला फरक सुमारे २.६ किलोवॅट. वर्षाला ६००० तास चालली तर साधारण १५,६०० युनिट, आणि युनिट ८ रुपये धरलं तर सव्वा लाख. रोज चोवीस तास चालणाऱ्या ब्लोअरला जुनी मोटर स्वस्त पडत नाही. स्टँडबाय पंपाला, दिवसाला दोन तास चालणाऱ्या मिक्सरला मात्र ती छान पडते.

घेतलेली मोटर महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर जमिनीवर थेट ठेवू नका. शेजारी पॉवर प्रेस असेल तर त्याचे हादरे बेअरिंगच्या गोळ्यांना एकाच जागी ठोकत राहतात, ग्रीस बाजूला सरतं आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) गोळ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर खड्डे पडतात. खाली जाड रबर घाला, आणि महिन्यातून एकदा शाफ्ट काही फेरे फिरवून आधीपेक्षा पाव फेरा पुढे थांबवा. थांबवलेल्या जागेवर खडूने खूण करा, म्हणजे पुढच्या महिन्यात तीच जागा पुन्हा खाली येणार नाही.