वॉटरकलर पेन्सिलीतला रंग विरघळतच नाही

वॉटरकलर पेन्सिलींच्या ओळखीत ‘पाण्यात विरघळणारे रंग’ हे शब्द हमखास येतात. ते बरोबर नाहीत. ओला ब्रश फिरवला की रेघ पसरते हे खरं, पण विरघळतो तो रंग नव्हे, रंगाला धरून ठेवणारा डिंक.

साध्या रंगीत पेन्सिलीत रंगद्रव्याची पूड मुख्यतः मेणाने बांधलेली असते. पाणी तिचं काही बिघडवू शकत नाही. वॉटरकलर पेन्सिलीत हे काम डिंकासारखे, पाण्यात विरघळणारे पदार्थ करतात. अशी पहिली पेन्सिल, ‘प्रिस्मालो’, जिनिव्हाच्या कारान दाश कंपनीने १९३१ मध्ये आणली.

घरीच पडताळून पाहा. एका ग्लासात खाण्याचा रंग अगदी थोडा टाका, दुसऱ्यात पेन्सिलीच्या टोकाची चिमूटभर पूड. अंधारात दोन्हींतून टॉर्चचा बारीक झोत सोडा. दुसऱ्या ग्लासात झोताची वाट स्पष्ट दिसते, कारण तरंगणारे कण प्रकाश विखुरतात. शाळेत शिकलेला टिंडाल परिणाम तो हाच.

मग हे कण लगेच तळाशी का बसत नाहीत? मला या पेन्सिलींमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: व्यास दहापट, तर वेग शंभरपट. म्हणजे कण सुटे राहिले तरच रंग तरंगेल. पण जवळ आलेले कण व्हॅन डर वाल्स बलाने, म्हणजे अगदी जवळच्या कणांमधल्या क्षीण ओढीने, एकमेकांना चिकटू पाहतात. इथे डिंक आडवा येतो. त्याचे लांब, फांद्याफांद्यांचे रेणू कणाच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि फांद्या पाण्यात पसरतात. असे दोन कण भिडले की फांद्यांची दाटी होते, त्यांची हालचालीची मुभा घटते, म्हणजेच एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) कमी होते, आणि तसं आपणहून होत नाही. शिवाय त्या दाटीत बाहेरचं पाणी शिरू लागतं. दोन्ही कारणांनी कण पुन्हा दूर ढकलले जातात. काजळी आणि डिंक घोटून बोरूची शाई करणारे आपले लेखनिक हेच रसायनशास्त्र वापरत होते.

‘केमिकल-फ्री’ रंगांची जाहिरात करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: डिंकही रसायन, पाणीही रसायन. आणि नैसर्गिक म्हणून रंग टिकाऊ होत नाही. हळदीचा पिवळा उन्हात किती लवकर उडतो ते बघा. खरेदी करताना पेन्सिलीवर किंवा कंपनीच्या रंगतक्त्यात प्रकाशात टिकण्याची खूण आहे का, तेवढं पाहावं.

आता कागदाकडे. ओला डाग सुकताना त्याची कड गडद होते. कड कागदाला धरून जागीच राहते, तिथलं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि सुटे कण सोबत नेतं. शिकागोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत कॉफीच्या डागावरून हे समजावलं. स्केचमध्ये ढगाची किंवा गालाची कड मऊ हवी असेल, तर डाग ओला असतानाच स्वच्छ, किंचित दमट ब्रश कडेवरून फिरवावा. झाडाच्या पानांना मात्र ती गडद कड शोभते. तिथे ब्रश उचलून घ्यावा आणि कागद आडवा ठेवून सुकू द्यावा.