सर्जनशील लेखनाचे शिक्षण, कोकणातील

कथा, कविता, कादंबरी, नाटक यांच्या लेखनाचा सराव जाणत्या लेखकाच्या किंवा सोबत्यांच्या नजरेखाली करणे, त्यावरची टीका ऐकून मजकूर पुन्हा लिहिणे आणि तो छापण्यायोग्य करणे, या साऱ्या व्यवहाराला सर्जनशील लेखनाचे शिक्षण म्हणतात. विद्यापीठातला विषय म्हणून त्याचा जम अमेरिकेत बसला. आयोवा विद्यापीठाची लेखक-कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये या विषयाचा पदव्युत्तर वर्ग काढला. मुंबई वगळता उरलेल्या कोकणात हे काम शाळामास्तर, ग्रंथालये, महाविद्यालयांची वाङ्मय मंडळे, मुंबईच्या मासिकांचे संपादक, साहित्य परिषदेच्या शाखा आणि गावोगावचे शाहीर यांनी वाटून घेतले. त्यामुळे इथल्या लेखकांना मिळालेले मानसन्मान कुठल्या एका विभागाच्या खात्यावर जमा झालेले दिसत नाहीत. ते व्यक्तीच्या नावावर राहतात, फार तर गावाच्या.

आयोवाच्या पद्धतीचा गाभा साधा आहे. मजकुराच्या प्रती आधी वाटायच्या, सगळ्यांनी त्या वाचून यायचे, आणि चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचे नाही. याच विद्यापीठाने १९६७ मध्ये परदेशी लेखकांसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम काढला. मराठी कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथे होते. कारवारला जन्मलेले विलास सारंग (१९४२–२०१५) यांनी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली, पुढे मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि लेखकाच्या घडणीविषयी मराठीत आवर्जून लिहिले. मराठीतल्या साहित्यव्यवहाराला ही मूकपणे ऐकून घेण्याची शिस्त मात्र मानवली नाही. कविसंमेलनात दाद मिळते किंवा शांतता. तिसऱ्या कडव्यात कविता का ढासळली, हे सांगायला तिथे जागाच नसते. शाल-श्रीफळ हमखास असते, आणि श्रीफळाला कोकणात काय तोटा!

विद्यापीठाचे अंतर हाही या विषयातला एक घटक आहे. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली बहुतेक कला महाविद्यालये १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम मुंबईत ठरतो, परीक्षेचे वेळापत्रक तिथूनच निघते. रत्नागिरीत विद्यापीठाचा उपपरिसर झाला, तरी स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून डोके वर काढत असते. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोवा विद्यापीठ १९८५ पासून आहे. तिथे मराठी आणि कोकणी हे दोन्ही विभाग शेजारी नांदतात. बा. भ. बोरकरांच्या नावाने तौलनिक साहित्याचे अध्यासनही त्या विद्यापीठात आहे.

इथल्या लेखनशिक्षणाची सर्वांत जुनी जागा म्हणजे ग्रंथालय. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. मुंबई विद्यापीठ निघण्याआधी यांपैकी दोन संस्थांच्या कपाटांत पुस्तके लागली होती. वाचनालय लेखन शिकवत नाही हे खरे, पण व्याख्यानमाला, कथाकथन, स्थानिक लेखकाच्या पुस्तकाचे प्रकाशन हे सारे त्याच्याच सभागृहात होते, आणि नव्या लेखकाला पहिला श्रोता बहुधा तिथेच भेटतो. कोकणातल्या दमट हवेत आणि पुरात या संस्था टिकवणे सोपे नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या वाचन मंदिरात पाणी शिरले आणि ग्रंथसंपदेचे मोठे नुकसान झाले.

दुसरी जागा शाळा. वि. स. खांडेकर १९२० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ मध्ये कोल्हापूरला जाईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या याच मुक्कामातल्या. गावात ना छापखान्यांची गर्दी, ना साहित्यिकांचा कट्टा. दिवसा शाळा, उरलेल्या वेळात लेखन आणि मुंबई-पुण्याकडे धावणारी टपाले असा तो क्रम होता. पुढे १९७४ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. मराठीचे ते पहिले ज्ञानपीठ. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले. मराठी शाळांत हस्तलिखित अंक काढण्याची जी रीत आहे, तिच्यात संपादन, सुलेखन, चित्रे आणि मुदत पाळणे हे सगळे मुलांना एकदम शिकावे लागते. विद्यापीठीय कार्यशाळेत याहून फार वेगळे काही होत नसावे.

टपाल ही तिसरी जागा, आणि कदाचित सर्वांत कडक. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडले. त्याआधीची काही दशके श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक नवोदितांना पत्रे लिहून मजकुरातले कच्चे दुवे दाखवत. ‘साभार परत’ हा शेरा घेऊन आलेले पाकीट हा अनेकांचा पहिला धडा ठरला. कुडाळला खानावळ चालवणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांची कविता ‘आरती प्रभू’ या नावाने याच मासिकातून वाचकांपुढे आली. वेंगुर्ल्याजवळ १९३० मध्ये जन्मलेल्या या कवीने महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. मग मुंबई, आकाशवाणीतली नोकरी, नाटके, कादंबऱ्या. १९७६ मध्ये मृत्यू आणि १९७८ मध्ये ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहाला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार. कोकणातल्या लेखनशिक्षणाचा एकच नमुना दाखवायचा झाला, तर तो हा: गावात अनुभव, मुंबईत संपादक, आणि दोहोंच्या मध्ये पोस्टमन.

मुंबईची ही ओढ नुसती साहित्यिक नव्हती. ज्या गावांत मनिऑर्डरीवर घरे चालत, तिथला लिहिता मुलगाही चाकरमानीच होई. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. तिघांचीही कारकीर्द मुंबईत घडली आणि तिघांनाही मोठे सन्मान मिळाले. पेंडशांच्या ‘रथचक्र’ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार होता, पाडगांवकरांच्या ‘सलाम’ला १९८० चा, आणि करंदीकरांना २००३ चे ज्ञानपीठ. विंदा, पाडगांवकर आणि वसंत बापट या त्रयीने गावोगाव काव्यवाचने केली. कविता मोठ्याने कशी वाचावी, कुठे थांबावे, याचा तो फिरता वर्गच म्हणावा लागेल.

रत्नागिरीजवळच्या फणसवळेच्या ऊर्मिला पवार (जन्म १९४५) यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे. त्यांची घडण दलित चळवळीत आणि स्त्रियांच्या संघटनेत झाली. ‘आयदान’ या आत्मकथनात त्यांनी आईच्या बांबूकामाशी आपल्या लेखनाची वीण जोडली आहे. साहित्यसंस्था, वाचनालये, वाङ्मय मंडळे यांचा इतिहास सांगताना हा धागा बाहेर राहतो, कारण त्या संस्थांच्या खुर्च्यांवर बरीच वर्षे ठरावीक जातींचीच माणसे बसली होती. चळवळीच्या सभा, जलसे आणि पत्रके यांनी ज्यांना लिहिते केले, त्यांचीही गणना लेखनशिक्षणात करायला हवी.

संस्था म्हणून सर्वांत दृश्य काम कोकण मराठी साहित्य परिषदेचे. १९९० मध्ये रत्नागिरीला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक होते. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने रत्नागिरीत ही परिषद उभी राहिली. ‘कोमसाप’ या लघुनामानेच ती ओळखली जाते. तालुक्यातालुक्यांत शाखा, जिल्हा संमेलने, वाङ्मयीन पुरस्कार आणि ‘झपूर्झा’ हे नियतकालिक असा तिचा पसारा आहे. परिषदेच्या या अंकाचे नाव केशवसुतांच्या कवितेवरून घेतलेले, आणि तिने उभारलेले मोठे स्मारकही केशवसुतांचेच. गणपतीपुळ्याला लागून असलेल्या मालगुंड गावी कवीच्या जन्मघराच्या जागी ते उभे आहे. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देवदर्शनाला आलेल्या सहली तिथे वळतात, मुले भिंतीवरच्या ओळी वाचतात, वहीत उतरवून घेतात. परिषदेमुळे झालेला मोठा बदल असा, की कुडाळच्या किंवा खेडच्या कवीला आपली कविता ऐकवायला आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. मात्र आपल्याकडच्या एकूण साहित्यसंस्थांप्रमाणे इथेही संमेलनांचा उत्साह मोठा आणि हस्तलिखित घेऊन चार जणांनी तासभर बसण्याची सवय कमी.

उत्तर कोकणात वसईने स्वतःची वाट काढली. ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ केले. २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती समाजातल्या अनेकांची पहिली लेखने अशा अंकांतून छापली गेली. सामवेदी, वाडवळी, आगरी या बोलींत लिहिणाऱ्यांना प्रमाण मराठीच्या अभ्यासक्रमात थारा मिळायला वेळ लागला. दक्षिणेकडे मालवणीची गोष्ट थोडी निराळी, कारण तिला रंगभूमीने आधीच प्रतिष्ठा दिली होती.

रंगभूमीवरून दशावताराकडे यावेच लागते. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या खेळात छापील संहिता नसते. आड-दशावतार, म्हणजे सुरुवातीचा पूर्वरंग, आटोपला की आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा, लागते. कोणते आख्यान, कोणाकडे कोणते पात्र, हे खेळाआधी ठरते, आणि संवाद नट रंगमंचावर रचतात. नवा पोरगा वर्षानुवर्षे ऐकून, छोट्या भूमिकांतून उभे राहून, समोरच्या मुरलेल्या नटाला उत्तर देता देता शिकतो. रत्नागिरीकडे जाखडी या लोकनृत्याच्या शक्ती-तुऱ्यात, म्हणजे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सामन्यात, लेखन तोलूनच घेतले जाते. एका बाजूचा शाहीर पुराणातला सवाल पद्यात टाकतो, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. चुकला तर गाव ऐकत असते. गाण्यात गुरूचे नाव गुंफायची रीत असल्याने कोण कोणाच्या हाताखाली शिकला याची नोंद गाण्यातच राहते. एवढी सविस्तर गुरुपरंपरा कुठल्याही पदवीपत्रावर छापलेली नसते. या दोन्ही कलांना लेखनशिक्षण म्हणायला अभ्यासक अजून बिचकतात, ते का, हे समजत नाही.

महाविद्यालयांत लेखनाचा सराव मुख्यतः वर्गाबाहेर होतो. भित्तिपत्रक, वार्षिकांक, वाङ्मय मंडळाच्या स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि त्यासाठी बसवलेल्या एकांकिका ही त्याची ठिकाणे. रत्नागिरीच्या १९४५ साली स्थापन झालेल्या गोगटे महाविद्यालयापासून (आताचे गोगटे-जोगळेकर) तालुक्याच्या लहान महाविद्यालयांपर्यंत हाच साचा दिसतो. एकांकिकेचा लेखक तालमीत बसतो, नटाच्या तोंडात वाक्य अडखळले की ते तिथल्या तिथे बदलतो. पुनर्लेखनाची खरी सवय लागते ती इथे. वार्षिकांकाचे तसे नाही. त्यातली कविता पुष्कळदा प्राध्यापकाने शुद्धलेखन तपासून थेट छापखान्यात पाठवलेली असते. तरीही एखाद्या लेखकाची अगदी पहिली ओळ शोधायची तर याच अंकांत शोधावी लागते.

कोकणात राहून, तिथल्याच महाविद्यालयात शिकवत लिहिणाऱ्याला राष्ट्रीय सन्मान मिळाल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण प्रवीण दशरथ बांदेकर यांचे. सावंतवाडीच्या श्री पंचम खेमराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच परिसरातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, परंपरा आहे. त्या परंपरेचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली होती. खानोलकरांच्या पिढीला मुंबईपर्यंतचे जे अंतर कापावे लागले ते बांदेकरांना कापावे लागले नाही, आणि पुरस्काराइतकीच ही बाबही नोंदण्यासारखी आहे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मराठी विभागांना कौशल्याधारित विषयपत्रिका ठेवता येतात. संहितालेखन, जाहिरातलेखन, मुद्रितशोधन, अनुवाद, माध्यमांसाठी लेखन असे विषय त्यामुळे वर्गात येऊ लागले आहेत. दोन श्रेयांकांची विषयपत्रिका म्हणजे साधारण ३० तास. वर्गात ६० मुले धरली, तर एकेकाच्या वाट्याला अर्धाच तास येतो. तेवढ्यात एक कथा वाचून, बोलून, दुरुस्त करून पुन्हा वाचणे होत नाही. शिवाय मूल्यमापन लेखी परीक्षेकडे झुकले की मुले कथा लिहिण्याऐवजी ‘कथेचे घटक’ पाठ करतात. लहान गट, भेटीला येणारा लिहिता लेखक आणि गुणांऐवजी पुनर्लेखनाच्या खर्ड्यांवर दिलेला शेरा, एवढी सोय ज्या महाविद्यालयात होईल तिथे हा विषय तग धरेल. बाकी ठिकाणी तो वेळापत्रकातला आणखी एक तास होऊन बसेल, आणि लिहिणारी मुले एकांकिकेच्या तालमीलाच जात राहतील.