मतलई, डोळ आणि पर्ससीन : कोकणातील हिवाळी मासेमारीची पार्श्वभूमी

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात उतरतात, त्यामुळे मासेमारीचा हंगाम श्रावणात सुरू होतो असा सर्वसाधारण समज आहे. शासकीय नियमांनुसार तर पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही बंदी संपताच हंगाम खुला होतो. प्रत्यक्षात ऑगस्टमधील समुद्र लहान होडीला फारसा मानवत नाही. पाऊस ओसरून पूर्वेकडचे कोरडे वारे सुरू झाले, की ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे जे महिने मिळतात, त्यांवरच कोकणातील मच्छीमार कुटुंबाचे वर्षाचे गणित आजवर बसत आले आहे. या चार महिन्यांतील मासळी कोणी, कोणत्या जाळ्याने आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर धरावी, हा गेल्या पन्नास वर्षांतील वादाचा गाभा आहे.

शिडाच्या काळात ही वाटणी वाराच करीत असे. हिवाळ्यात जमीन रात्री लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो. त्यावर शीड सोडून होडी बाहेर न्यायची आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, असा नेम होता. एका दिवसात जाऊन येता येईल तेवढेच पाणी आपले, ही मर्यादा त्यातून आपोआप पडली.

पाण्याखालीही याच सुमारास पालट होतो. पावसाळ्यात खोलवरचे थंड, पोषक परंतु प्राणवायू कमी असलेले पाणी भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वर येते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळालगतच्या थरात प्राणवायूची टंचाई सर्वाधिक तीव्र असते. नोव्हेंबरनंतर किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, हे पाणी मागे सरते आणि तळाजवळच्या मासळीला उथळ पाणी पुन्हा मोकळे होते. उत्तर अरबी समुद्रात कोरड्या ईशान्य वाऱ्यांमुळे बाष्पीभवन वाढते, पृष्ठभाग गार व जड होऊन खाली बसतो आणि खालची पोषकद्रव्ये वर येऊन हिवाळ्यातच प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, मोठी वाढ होते. उष्ण कटिबंधातील समुद्राला हिवाळा नसतो, असे मानणाऱ्याने जानेवारीतील या समुद्राचे तापमान पाहावे : दक्षिण कोकणात ते २७-२८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर गुजरातच्या उत्तर टोकाकडे त्याहून तीन-चार अंशांनी उतरलेले असते.

मासेमारीच्या पद्धती मात्र तळाच्या रचनेने ठरविल्या. मुंबईसमोर उथळ सागरमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा कमी खोलीचा समुद्रतळ, दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. भरती-ओहोटीतील फरकही मुंबईजवळ उधाणाला चार-पाच मीटर, तर सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून वसई, अर्नाळा, उत्तन, वर्सोवा येथील कोळ्यांनी तळाशी रोवलेल्या खांबांना डोळ, म्हणजे पिशवीसारखे लांबलचक जाळे, बांधून प्रवाहालाच मासळी आणून देण्याचे काम लावले. उधाणाच्या दिवसांत डोळ भरते, भांगाला, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी सुस्त असल्याने ती फारशी लागत नाही. तिच्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली असा माल येतो. बोंबलात पाण्याचे प्रमाण इतके, की तो काही तासांत बिघडतो. परंतु हिवाळ्यातील कोरड्या वाऱ्यात एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीजोडीने वलांडीवर, म्हणजे मासळी वाळविण्याच्या मांडवावर, टांगला, की पावसाळ्याची बेगमी होते. मासळीचा हंगाम आणि वाळवणाचा हंगाम एकच असणे, हे या व्यवसायाचे मोठे भाग्य म्हणावे लागेल. मालवण-वेंगुर्ल्याकडे याच दिवसांत बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येत आणि गावातली माणसे दोन्ही टोकांनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढून मासळीचे वाटे करीत.

खोल पाण्याचा शोध सरकारने लवकर सुरू केला होता. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ हा वाफेवर चालणारा ट्रॉलर, म्हणजे मागे जाळे ओढत जाणारी बोट, आणून पाहणी केली. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्र मासेमारी केंद्र स्थापन झाले. आजचे भारतीय मत्स्य सर्वेक्षण हे त्याचेच पुढचे रूप. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसली, मतलईची वाट पाहण्याची गरज उरली नाही आणि कोळंबीच्या निर्यातीने ट्रॉलरला बळ दिले. मासेमारीच्या दृष्टीने हा बदल पुढील सर्व बदलांहून मोठा मानावा लागतो, कारण वाऱ्याने घातलेली अंतराची मर्यादा त्यामुळे संपली.

सत्तरच्या दशकात कर्नाटक आणि गोव्यात पर्ससीन जाळी आली व पुढे रत्नागिरीकडेही पसरली. थव्याला भोवती वेढा घालून खालून आवळणारे हे जाळे नेमके बांगडा-तारलीच्या, म्हणजे रापणीच्याच मासळीवर चालते. गोव्यात रापणकारांनी त्याविरुद्ध केलेले आंदोलन देशभर गाजले. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. तरीही पर्ससीनवर ठोस बंधने येण्यास ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश उजाडावा लागला. त्याने परवान्यांची संख्या कमी करण्याचे ठरविले आणि पर्ससीनची मुदत १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच ठेवली. लहान मच्छीमाराचा हंगाम ऐन भरात असतो तो नोव्हेंबर-डिसेंबर या मुदतीच्या आतच राहिला, ही गोष्ट चर्चेत पुरेशी येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रकाशातील मासेमारीवरही बंदी घातली.

शांत हिवाळी समुद्राचा भरवसाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. डिसेंबर २०१७ मधील ओखी आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील क्यार व महा या लागोपाठच्या चक्रीवादळांनी होड्या ऐन हंगामात बंदरात अडकवून ठेवल्या.

२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा घोषित झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पालघर जिल्ह्यातील सातपाटीकडचे मच्छीमार पापलेटाची पिल्ले मारली जात असल्याची तक्रार दीर्घकाळ करीत आले आहेत. मात्र ही पिल्ले केवळ ट्रॉलरमध्ये जात नाहीत. बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, डोळीतही ती बोंबलाबरोबर येतात, आणि प्रवाहाच्या तोंडी बांधलेल्या जाळ्याला मासा मोजून आत घेता येत नाही.