गर्भारपणातील कॅल्शियमवाढ

गरोदर स्त्रीच्या रक्तात कॅल्शियम प्रमाणाबाहेर चढणे ही विरळ, पण वेळीच ओळखली तर बहुधा आटोक्यात येणारी अवस्था. मूळ बहुतेकदा गळ्यात सापडते. तिथल्या चार इवल्याशा परावटू ग्रंथींपैकी एकीत साधी गाठ होते, तिचा स्राव वाढतो आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरू लागते. आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी गैरसमजाने रोज दुधातून घेतली, तरी हेच होते.

लक्षणे फसवी असतात. मळमळ, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, थकवा: घरात सगळे ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून सोडून देतात. पाचव्या महिन्यातही ओकाऱ्या थांबत नसतील, सोबत सारखी तहान, सारखी लघवी किंवा मुतखड्याची कळ असेल, तर कॅल्शियम तपासायलाच हवे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडांतून कॅल्शियम नीट बाहेर पडत नाही. ते आणखी चढते, त्याने लघवी वाढते आणि पाणी पुन्हा घटते. अशी बाई गळून गेली की ऊन लागले असेच सर्वांना वाटते.

रिपोर्टही चकवतो. रक्तातले बरेच कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. गर्भारपणात अल्ब्युमिन उतरते, त्यामुळे एकूण कॅल्शियम कमी दिसते. अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ४ ग्रॅमच्या खाली जितके ग्रॅम, तितक्या पटीने कॅल्शियमच्या आकड्यात (मिलिग्रॅम, डेसिलिटरमागे) ०.८ मिळवायचे. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन ३ असेल, तर हिशेबाने आकडा ११ होतो. कागदावर मात्र १०.२ ‘नॉर्मल’. आयनीकृत, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेले मोकळे कॅल्शियम मोजणे याहून भरवशाचे, सोबत पीटीएच, म्हणजे परावटू ग्रंथींचा स्राव.

उपचारात आधी शिरेतून सलाइन, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व बंद. कॅल्शियम उतरवणारे कॅल्सिटोनिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही म्हणून चालते. हाडांतून कॅल्शियम निघणे रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधे वार ओलांडतात, म्हणून शक्यतो टाळतात. गाठ सोनोग्राफीत शोधतात आणि आकडा ११ च्या वर राहिला किंवा त्रास वाढला, तर मधल्या तिमाहीत ती काढणे उत्तम. यासाठी अनेक तज्ज्ञ एकत्र लागतात. नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयात नाव असलेल्या बाईला मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवले, तर घरच्यांनी घाबरू नये. धास्तीने निरोगी गर्भवतीने १४ व्या आठवड्यापासूनच्या सरकारी कॅल्शियमच्या गोळ्या मात्र सोडू नयेत.

बाळंतपणानंतर लक्ष बाळाकडे वळवावे. पोटात भरपूर कॅल्शियम मिळाल्याने त्याच्या परावटू ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. नाळ कापल्यावर पुरवठा तुटतो आणि हातपाय थरथरणे, आकडी येणे असे प्रकार कधी काही दिवसांनी, घरी गेल्यावरही दिसतात.