डुकरांच्या विषाणूत परके जनुक घालण्याच्या संशोधनासाठी परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

डुकरांना देवी आणणारा विषाणू फक्त डुकरांनाच लागतो. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, सुमारे १,४६,००० बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) म्हणजे विषाणूच्या मानाने मोठा आहे, त्यामुळे त्यातील थायमिडीन कायनेज या विकराच्या जनुकाच्या जागी दुसऱ्या विषाणूचे, उदाहरणार्थ क्लासिकल स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाच्या विषाणूचे ई२ (आवरणातील प्रथिनाचे) जनुक बसवता येते. लसीच्या दृष्टीने ही कल्पना आकर्षक असली, तरी परवानगीआधी त्यातले कोणतेही काम सुरू करता येत नाही.

हे काम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील, घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय फेरबदल केलेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांत येते. अर्ज संस्थेमार्फत होतो; एखाद्या वराहपालकाला किंवा खाजगी पशुवैद्यकाला तो स्वतंत्रपणे करता येत नाही. संस्थेची जैवसुरक्षा समिती स्थापन होऊन नोंदलेली असावी लागते आणि त्या समितीवर केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. नागपूर किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेतील प्राध्यापकानेही आधी आपल्या समितीची नोंदणी चालू आहे की मुदत संपली आहे, हे पाहावे.

प्रमुख संशोधक समितीपुढे प्रस्ताव ठेवतो. कमी जोखमीच्या प्रयोगांना समितीची मान्यता पुरते. जास्त जोखमीच्या प्रयोगांसाठी प्रस्ताव भारतीय जैवसुरक्षा ज्ञान पोर्टलवरून जैवतंत्रज्ञान विभागाच्या जनुकीय फेरबदल पुनर्विलोकन समितीकडे जातो. आपला प्रयोग कोणत्या वर्गात बसतो, हे याच विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरवावे आणि शंका असल्यास वरचा वर्ग धरावा.

अर्जासोबत मूळ विषाणूचा स्रोत, घालायच्या जनुकाचा क्रम, त्याच्या बाजूचे डीएनए, वापरायचे प्लाझमिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे वर्तुळ) आणि पेशीवंश (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी), बदललेल्या विषाणूची ओळख पटवण्याची पद्धत, प्रयोगशाळेची सुरक्षापातळी आणि कचरा नष्ट करण्याची व्यवस्था यांची माहिती द्यावी लागते. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागते. जिवंत डुकरांवर प्रयोग असेल, तर संस्थेची प्राणी नैतिकता समिती प्रस्ताव तपासते आणि डुक्कर मोठ्या प्राण्यांत मोडत असल्याने तो पुढे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे पाठवते.

ग्रामीण विदर्भात मात्र कागदांपेक्षा जागा अधिक अडचणीची ठरते. हा विषाणू डुकरांच्या उवांमार्फत एका जनावरातून दुसऱ्यात जातो. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर एकाच जातीचे असल्याने सोयाबीन-तुरीच्या शेताला लागून असलेले प्राणीगृह नुसत्या तारेच्या कुंपणावर चालवणे धोक्याचे आहे. म्हणून उवा-नियंत्रणाचे वेळापत्रक, दुहेरी अडथळा, मोकाट डुकरे आत येऊ नयेत यासाठीची व्यवस्था आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट या चार गोष्टी आराखड्यासह लिहून द्याव्यात. वीज गेल्यावर सुरक्षा कॅबिनेट (विषाणू बाहेर जाऊ नये म्हणून हवा गाळणारी कामाची पेटी) बंद पडले तर काम कसे थांबवायचे, हेही त्यात यावे. मे महिन्यातल्या वीजखंडितीचा विचार न करता बनवलेला आराखडा केवळ कागदावर चांगला दिसतो.

गावातील वराहपालकाच्या डुकरांवर अशी लस टोचून पाहणे म्हणजे विषाणू पर्यावरणात सोडणे होय. त्यासाठी पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि प्रयोगशाळेतील कामाची मान्यता तिची जागा घेऊ शकत नाही. राज्य आणि जिल्हा पातळीवरील समित्यांना अशा ठिकाणांची पाहणी करण्याचे अधिकार आहेत, म्हणून नोंदवही, नमुन्यांची यादी आणि फ्रीजरच्या चाव्या कोणाकडे आहेत त्याची नोंद कायम अद्ययावत ठेवावी.