मॅक्रोने ड्रॉपडाउन यादी अपडेट करणं (एक्सेल)

सेलशेजारच्या बाणावर क्लिक केलं की जे पर्याय उघडतात ती ड्रॉपडाउन यादी हाताने न बदलता मॅक्रोकडून, म्हणजे शीटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामकडून बदलून घ्यायची पद्धत. एक्सेलमध्ये हे काम व्हीबीए ह्या त्याच्या प्रोग्रामिंग भाषेत करतात. यादी कशी लावायची (डेटा टॅब, डेटा व्हॅलिडेशन, लिस्ट) हे वाचणाऱ्याला माहीत असतं असं इथे धरलंय.

ह्या पद्धतीची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण पार लोटस १-२-३ ह्या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामपर्यंत मागे जातात, ते १९८३ चं, त्यात कीस्ट्रोक साठवणारे मॅक्रो होते आणि त्यातून स्वतःचा मेनू दाखवता यायचा, पण तो मेनू स्क्रीनच्या वरच्या ओळीत, सेलमध्ये नाही. दुसरं मत एक्सेल ५ चं, साधारण १९९३, कारण व्हीबीए तिथे आलं आणि शीटवर ठेवलेल्या ड्रॉपडाउन कंट्रोलमध्ये कोडने पर्याय भरता येऊ लागले. पण तो कंट्रोल सेलच्या वर तरंगतो, सेलचा भाग नसतो, म्हणून आज ज्याला लोक ड्रॉपडाउन म्हणतात त्याची सुरुवात एक्सेल ९७ पासून धरणं जास्त पटतं. त्या आवृत्तीत डेटा व्हॅलिडेशन आलं आणि यादी सेलचीच झाली. त्यानंतरही बरीच वर्षं यादी दुसऱ्या शीटवर असेल तर तिला आधी नाव द्यावं लागायचं, थेट पत्ता चालायला लागला तो २०१० च्या आवृत्तीपासून, आणि जुन्या फायलींमध्ये नावांचा ढीग दिसतो त्याचं एक कारण हेच.

कोड तसा छोटाच. सेलचं जुनं व्हॅलिडेशन आधी डिलीट करायचं आणि मग नवीन ॲड करायचं, डिलीट विसरलं तर १००४ नंबरची एरर येते. नवीन यादी दोन प्रकारे देता येते, एकतर शीटवरच्या रेंजचा (सेलच्या गटाचा) पत्ता किंवा स्वल्पविराम घालून सलग लिहिलेली नावं. दुसरा प्रकार सोपा वाटतो म्हणून नवशिके तोच उचलतात, पण त्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. व्हॅलिडेशनच्या विंडोत हाताने टाइप करताना एक्सेल तिथेच अडवतं, मॅक्रोमधून मात्र मोठी यादीसुद्धा बिनबोभाट लागते, दिवसभर चालते, आणि फाइल सेव्ह करून परत उघडली की ‘फाइलमध्ये गडबड आहे, दुरुस्त करू का’ असं विचारून एक्सेल ते व्हॅलिडेशनच काढून टाकतं. देवनागरीत ही मर्यादा आणखी लवकर संपते कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात, ‘रत्नागिरी’ म्हणजे ९ अक्षरं. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची नावं सलग लिहिली तर तेवढ्यातच २५५ ओलांडतात.

मराठीत काम करणाऱ्याला अजून एक अडचण येते. व्हीबीएचा एडिटर युनिकोड (सगळ्या लिपींतल्या प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) धरत नाही, त्यामुळे कोडमध्ये ‘पालघर’ पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. प्रत्येक अक्षराचा नंबर देऊन नाव बांधता येतं (‘क’चा २३२५) पण असा कोड महिन्याभराने लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. म्हणून नावं शीटवर ठेवावीत, कोडमध्ये फक्त पत्ता असावा, हेच बरं. जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधल्या याद्यांना तर इलाजच नाही, ड्रॉपडाउन सेलचा फॉन्ट वापरत नाही त्यामुळे उघडल्यावर रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो.

सगळ्यात जास्त मागणी असते ती एकावर एक अवलंबून याद्यांना: जिल्हा निवडला की शेजारी त्याचेच तालुके यावेत. सेलमधलं नाव वाचून त्याच नावाची रेंज उचलणाऱ्या इनडायरेक्ट फॉर्म्युल्याने हे मॅक्रोशिवाय होतं, फक्त रेंजच्या नावात स्पेस चालत नाही त्यामुळे ‘मुंबई उपनगर’पाशी गाडी अडते. मॅक्रोवाले वर्कशीट चेंज हा इव्हेंट वापरतात: जिल्ह्याच्या कॉलममध्ये काही बदललं की तालुक्याच्या सेलला नवीन यादी लावायची आणि तिथलं जुनं नाव पुसायचं. आता पुसणं हाही बदलच, म्हणून इव्हेंट परत स्वतःलाच बोलावतो, ते टाळायला सुरुवातीला इव्हेंट बंद आणि शेवटी चालू करतात. मधेच एरर आली तर ते बंदच राहतात आणि मग ‘काल चालत होतं, आज मॅक्रो काहीच करत नाही’ अशी तक्रार येते, मॅक्रो बिचारा जागेवरच असतो. कुणी एकदम दहा जिल्हे पेस्ट केले तर एका सेलसाठी लिहिलेला कोड टाइप मिसमॅच म्हणून थांबतो. शिवाय मॅक्रोने शीट बदललं की अनडू रिकामं होतं, हे वापरणाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

यादी बदलली म्हणून भरलेली माहिती बदलत नाही, आणि बहुतेक मॅक्रो इथेच अर्धवट सोडलेले असतात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, वसई, डहाणू, जव्हार धरून ८ तालुके तिकडे गेले, ठाण्याकडे ७ राहिले. मॅक्रोने दोन्ही याद्या बरोबर केल्या तरी आधीच्या ओळींत ‘ठाणे – वसई’ तसंच राहतं आणि एक्सेल हूं की चूं करत नाही, कारण व्हॅलिडेशन फक्त नवीन टाइप केलेलं तपासतं. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हाही तेच, पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे एक्सेलने काढलेल्या सारांशात, एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी. ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ ही कमांड अशा नोंदींभोवती लाल गोल काढते, पण ती मुद्दाम चालवावी लागते. आणि दुसरा सेल कॉपी करून वर पेस्ट केला तर त्या सेलवर आधीचं व्हॅलिडेशनच उरत नाही.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये युनिक, सॉर्ट, फिल्टर हे फॉर्म्युले आल्यापासून नुसत्या वाढत्या यादीसाठी मॅक्रो लिहायची गरज फारशी राहिली नाही, यादी टेबलमध्ये ठेवली तरी ती आपोआप वाढते. त्यात २०२२ पासून नेटवरून उतरवलेल्या फायलींतले मॅक्रो ऑफिस मुळातच अडवतं, आणि फाइल चुकून एक्सएलएसएक्स (मॅक्रो न साठवणारा फॉरमॅट) म्हणून सेव्ह केली तर कोड गेलाच.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये हेच काम बेसिक भाषेत होतं, गूगल शीट्समध्ये ॲप्स स्क्रिप्टने. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये आणि मोबाइलवर व्हीबीए चालत नाही.