चुकलेला शेक शेवटी जोडून का भागत नाही?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी घरातल्या कुणाचं रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक, चालू असलं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास निघतो. ‘आठ दिवस शेक थांबवूया का? तोंड जरा बरं होऊ दे, राहिलेले शेक शेवटी घेऊ.’ प्रश्न साहजिक आहे. तोंड आतून सोलून निघालेलं असतं, पाण्याचा घोटही झोंबतो, चव गेलेली असते, वजन झरझर उतरत असतं. अशा माणसाला ‘उद्या परत या’ म्हणणं निष्ठुर वाटतं. तरीही डॉक्टर शक्यतो खंड पडू देत नाहीत.

पूर्ण कोर्स साधारण ७० ग्रेचा असतो (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, असे ३५ शेक सात आठवड्यांत. हिशेब बेरजेचाच असता, तर ३५ शेक सात आठवड्यांत घेतले काय आणि नऊ आठवड्यांत घेतले काय, फरक पडला नसता. पण मधल्या दिवसांत कॅन्सरच्या पेशी गप्प बसत नाहीत.

उपचारापूर्वी गाठीत पेशींची दाटी असते. रक्त आणि प्राणवायू सगळ्यांपर्यंत पोचत नाही, त्यामुळे नव्या पेशी जितक्या जन्मतात त्यांतल्या बऱ्याचशा मरूनही जातात. किरणांनी दाटी कमी झाली, की उरलेल्यांना मोकळी जागा आणि पोषण मिळतं. खुरपणी अर्धवट सोडलेल्या वाफ्यातलं तण फोफावतं, तसंच हे. किरणोपचारांचे संशोधक रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या सुमारे ५०० रुग्णांची प्रकाशित माहिती एकत्र अभ्यासली. त्यातून दिसलं, की सुमारे चार आठवड्यांनंतर तग धरून राहिलेल्या पेशींची वाढ एकदम वेग घेते. एरवी दुप्पट व्हायला साठेक दिवस लागत असतील, तर आता चारच दिवस पुरतात. ही वाढ नुसती थोपवायलाच दिवसाला सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतात. म्हणजे रोजच्या २ ग्रेमधला जवळजवळ तिसरा हिस्सा!

आता आठवडाभराच्या सुट्टीचा हिशेब करा. सात दिवसांचे ४.२ ग्रे, म्हणजे दोनांहून जास्त शेक वाया गेले. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे सारखे नाहीत, पण कोर्स लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ काबूत येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते, असा ढोबळ अंदाज आहे. मग दोन शेक वाढवून द्यावेत, असं कुणी म्हणेल. पण जबड्याचं हाड, मज्जारज्जू यांसारखे भाग अशा सुट्टीत फारसे सावरत नाहीत. त्यांच्या खात्यावर एकूण मात्रा चढतच जाते. तोंडाची आतली त्वचा मात्र भरून येते आणि रुग्णाला बरं वाटतं. घात इथेच होतो. ज्या आठवड्यात तोंड ‘आता बास’ म्हणतं, साधारण त्याच सुमाराला गाठीतल्या पेशी वेग घेत असतात.

याची उलट बाजूही तपासली गेली आहे. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या चाचणीत तेवढेच शेक आठवड्याला पाचऐवजी सहा दिले. कोर्स फक्त एक आठवडा आधी आटोपला. पाच वर्षांनी गाठ काबूत असलेल्यांचं प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. औषध नवं नव्हतं, मात्राही वाढवलेली नव्हती. मला हा निकाल विलक्षण वाटतो.

म्हणून मशीन बंद पडलं किंवा सलग सुट्ट्या आल्या, की शनिवारी शेक देतात, जुळणाऱ्या दुसऱ्या मशीनवर पाठवतात किंवा एकाच दिवशी दोन शेक देतात. त्या दोन शेकांत किमान सहा तासांचं अंतर ठेवतात, कारण निरोगी पेशींना डागडुजीला तेवढा वेळ लागतो. खंड जितका लवकर कळेल तितकी भरपाई सोपी. शेवटच्या आठवड्यात कळलं तर भरून काढायला दिवसच उरत नाहीत. जंतुसंसर्गासारख्या कारणाने डॉक्टरांनीच थांबवलं तर गोष्ट वेगळी. पण परस्पर घरी बसू नये.

आपल्याकडे खंड पडतो तो बहुतेकदा वेदनेने, किंवा पैसे आणि मुक्कामाच्या अडचणीने. सात आठवडे मुंबईत राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. ही चौकशी पहिल्या शेकाच्या आधीच व्हायला हवी.

वेदनेचंही तसंच. नाकातून नळी घालायची म्हटलं की घरचे घाबरतात, ‘आता काही खरं नाही’ असं मानतात. खरं तर नळीमुळे पोटात अन्न जातं आणि कोर्स पुरा होतो. वजन फार उतरलं तर शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल होतो, मग तो नव्याने करावा लागतो आणि किरणांची आखणीही पुन्हा तपासावी लागते. त्यात आणखी एक-दोन दिवस जातात, तेही बरोबर चौथ्या-पाचव्या आठवड्यात.